शिस्त फक्त खालच्यालाच का?



ऊस-पाण्याचं सोडून आम्ही विमानाची गोष्ट काढली म्हणून हसू नका. गोष्ट आपल्याच कामाची आहे.

मिग-२१ हे लढाऊ विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आले. पुढे ते आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधले जाऊ लागले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. या विमानाने देशाची राखण केली, तसे अपघातांत कितीतरी तरुण वैमानिकांचे प्राणही घेतले.

हवाई दलात शिस्त नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. तिथे धावपट्टीवरचा खडा न् खडा वेचतात, कारण इंजिनात गेलेला एक खडा घात करतो. दुरुस्तीचा एक पाना मोजणीत कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. मग माणसे का गेली?

१९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने एक दुखणे नेमके सांगितले. कमी वेगाच्या विमानावर शिकलेली पोरं एकदम मिगवर बसवली जात होती, आणि मिग उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर धावते. लुना चालवणाऱ्याच्या हाती भरलेला ट्रक द्यावा, तशातली गत. मधल्या पायरीचे शिकाऊ जेट विमान घ्या, असे समितीने सुचवले. खरेदीचा करार झाला २००४ साली. ती हॉक विमाने आपल्या उदगीरपलीकडच्या बीदरला दाखल झाली २००८ साली. सव्वीस वर्षे! पोरांनी शिस्त पाळली. वरच्यांच्या फायलीला मात्र कुणी शिस्त लावली नाही.

१७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. सगळा दोष मुलाच्या माथी मारणे त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी मान्य केले नाही. विमानाचे आणि व्यवस्थेचेही बघा, म्हणून त्या कित्येक वर्षे झगडल्या. आमच्या मते त्या माउलीचा प्रश्न प्रत्येक कारखान्याच्या गेटवर लिहून ठेवावा असा आहे.

कारण आपल्याकडे काय होते? रात्री उसाच्या दुहेरी ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, की "ड्रायव्हर बेफाम होता" म्हणून मोकळे. असेलही बेफाम. पण मागे लाल रिफ्लेक्टर नसताना त्याला गेटबाहेर सोडले कुणी? त्याची झोप झाली का, हे विचारले कुणी? जादा खेपेचा तगादा कुणाचा होता? सभासदही यातून सुटत नाहीत. "भर रे अजून चार मोळ्या" हा आग्रह बांधावरूनच होतो.

शिस्त हवीच, ढिलाईची वकिली आम्ही करीत नाही. मात्र देखरेख करणाऱ्यावरही देखरेख हवी. रिफ्लेक्टर आणि ब्रेक पाहिल्याशिवाय वाहन सुटू नये, आणि पाहणाऱ्याची वहीत सही असावी. बॉयलरपासून गव्हाणीपर्यंत झालेल्या प्रत्येक अपघाताचा अहवाल वार्षिक सभेत वाचला जावा. त्यात कामगाराचे काय चुकले ते असावे, तसे साहेबाचे काय राहून गेले तेही असावे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ठेच कशाने लागली हे दडवले, तर मागचा शहाणा व्हायचा कसा? येत्या सभेत हा प्रश्न सभासदांनी उभे राहून विचारावा, एवढीच विनंती.