पाटी वाचणाऱ्याची आहे

नवी मोटारसायकल दारात आली की महिन्याभरात तिची मागची नंबर प्लेट लहान करून घ्यायची, ही रीत आता मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत रुळली आहे. ॲक्सेसरीजच्या दुकानात ‘टेल टायडी’ मिळते. कंपनीने बसवलेला लांब मडगार्ड काढायचा, त्या जागी आखूड ब्रॅकेट लावायचा आणि नंबर सीटखाली आत सरकवायचा. कुणी प्लेट वर वाकवतो, कुणी कडा कापतो, कुणी रेडियमवाल्याकडून आकडे बारीक करून घेतो. गाडी मागून सुटसुटीत दिसते, हे खरे आहे. आपली गाडी देखणी असावी असे तरुणाला वाटणे यातही काही वावगे नाही. टाकीचा रंग, सीट, आरसे ही त्याची हौस आहे आणि ती त्याने जरूर करावी. नंबर मात्र त्याच्या हौसेत मोडत नाही. तो रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांसाठी असतो, आणि लहान केलेली प्रत्येक पाटी त्यांच्या हातातले काहीतरी हिरावून घेते.

काय हिरावून घेते, ते पैशांत सांगता येते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला मोटारसायकलने उडवले आणि तो दगावला, असे धरू. गाडीचा नंबर कळला, तर गाडीला सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा शोधता येतो. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या १६४व्या कलमाखाली मृताच्या वारसांना ५ लाख रुपये मिळू शकतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे रीतसर दावा चालवला, तर मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते. ती याच्या कितीतरी पट असू शकते. नंबर कळलाच नाही, तर गाडी ‘अज्ञात वाहन’ ठरते आणि उरते फक्त ‘हिट अँड रन’ची सरकारी योजना. तीत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. ऐन तिशीतला गवंडी गेला, तर त्याच्या बायकोमुलांची पुढची वीस-पंचवीस वर्षे कशी जाणार, हे कुणीतरी त्या क्षणी नंबर वाचला की नाही यावर ठरते. मंगळसूत्र हिसकावून पळणाऱ्यांच्या बाबतीतही बाईच्या हाती पुरावा म्हणून बहुधा शेवटचे चार आकडेच असतात.

हे वाचण्यासाठी वेळ किती मिळतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ५१व्या नियमाप्रमाणे मोटारसायकलच्या मागच्या पाटीवरची अक्षरे ३५ मिलिमीटर आणि आकडे ४० मिलिमीटर उंच असावे लागतात. डोळ्यांचे डॉक्टर ज्या हिशेबाने तक्त्यावरची अक्षरे आखतात, त्याच हिशेबाने निकोप नजरेला ४० मिलिमीटरचा आकडा साधारण २७ मीटरवरून वाचता येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने पळणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. म्हणजे पूर्ण मापाची पाटी वाचायला साक्षीदाराला जेमतेम दोन सेकंद मिळतात. आकडे निम्मे केले की उरतो एक सेकंद. पाटी वाकवून आकाशाकडे केली की तोही उरत नाही. आणि हा हिशेब भरदिवसाचा, चांगल्या नजरेचा आणि शांत मनाचा आहे. रात्र, पाऊस आणि अपघाताने हादरलेले मन यांत धरलेले नाही.

‘परदेशात लहान पाट्या चालतात, आपलेच नियम जुनाट आहेत,’ असे गाडीवाले म्हणतात. तेही तपासून पाहावे. जर्मनीत मोटारसायकलची पाटी २८० बाय २०० मिलिमीटरपर्यंत मोठी असे. ती बोजड होते ही तिथल्या चालकांची तक्रार होती आणि २०११मध्ये सरकारने १८० बाय २०० मिलिमीटरच्या लहान पाटीला परवानगी दिली. फ्रान्सने १ जुलै २०१७पासून उलट पाऊल टाकले. कॅमेऱ्याला आणि पोलिसांना नीट वाचता यावी म्हणून सर्व दुचाकींसाठी २१० बाय १३० मिलिमीटर हे एकच माप सक्तीचे केले. ब्रिटनने १९७५मध्ये मोटारसायकलच्या पुढच्या पाटीची सक्ती काढली. मडगार्डवरची ती उभी पाटी पादचाऱ्याला कापत असे, हे त्यामागचे एक कारण होते. मागच्या पाटीवरची अक्षरे मात्र तिथे आजही ६४ मिलिमीटर उंच असतात. आपली मागची पाटी २०० बाय १०० मिलिमीटरची आहे. जर्मनीतली ‘लहान’ पाटीसुद्धा क्षेत्रफळाने तिच्या पावणेदोनपट भरते. आपल्या कायद्याने आधीच इतके कमी मागितले आहे की त्यातून आणखी कापायला जागाच नाही. कुणाला माप बदलून हवे असेल, तर त्याने जर्मन चालकांसारखी सरकारदरबारी उघड मागणी करावी. रस्त्यावरच्या माणसाचा हक्क दुकानात बसून परस्पर कमी करू नये.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. बऱ्याच लहान पाट्यांमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा ई-चलानची भीती असते. सिग्नल तोडला तरी कॅमेऱ्याला नंबर दिसू नये, एवढाच हेतू. त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. एक आकडा चुकीचा वाचला गेला, तर दंडाचा निरोप ज्याने सिग्नल तोडलाच नाही त्याच्या मोबाइलवर येतो आणि तो निस्तरण्यासाठी त्याला खेटे घालावे लागतात.

एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली. राज्यात जुन्या गाड्यांनाही ती बसवण्याचे काम सुरू झाले आणि त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. या पाटीचे माप ठरलेले असते, अक्षरे ठशाची असतात आणि ती न उघडणाऱ्या कुलपाने बसवली जाते. पण तीच पाटी वाकणाऱ्या ब्रॅकेटवर लावली, तर तिच्यावरच्या होलोग्रामचा काही उपयोग नाही. नियमाच्या कागदावरचे माप रस्त्यावर टिकवायचे, तर चार गोष्टी व्हायला हव्यात. सदोष पाटीला १७७व्या कलमाखाली पहिल्या वेळी ५०० रुपये दंड होतो आणि गाडी तीच पाटी घेऊन पुढे जाते. दंडाबरोबर पाटी दुरुस्त करून दाखवण्याची सक्तीही हवी. नंबर लपवण्यासाठीच बनवलेले वाकते ब्रॅकेट उघड विकणाऱ्या दुकानांवर कारवाई हवी. पाटी तुटली किंवा हरवली, तर सामान्य माणसाला ती थोड्या दिवसांत, एका फेरीत मिळायला हवी. आणि कारवाईची सुरुवात ८०५५चा ‘बॉस’ आणि ४१४१चा ‘दादा’ करून मिरवणाऱ्या गाड्यांपासून व्हावी, त्या कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याच्या असोत. पोलिसांनी त्या सोडल्या आणि कॉलेजच्या पोराला अडवले, तर तो नियमाचा धडा शिकत नाही, वशिल्याचा शिकतो.

आणि गाडीसाठी पैसे मोजणाऱ्या आईवडिलांनीही एक करावे. मुलाने गाडी सजवून आणली की मागे दहा पावलांवर उभे राहून नंबर वाचावा. वाचता आला नाही, तर गाडी त्याच दिवशी परत पाठवून पाटी पूर्ण मापाची, सरळ आणि उघडी बसवून घ्यावी. तो मुलगा उद्या स्वतःच कुणाच्या तरी धडकेने रस्त्यावर पडू शकतो. तेव्हा पळून जाणाऱ्या गाडीचा नंबर वाचता येणे, ही त्याच्या घराची सगळ्यात मोठी गरज असेल.