बिनपरवान्याच्या लहरींचा शेजार

बारामतीहून इंदापूरमार्गें सोलापुरास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं, इंदापूर मागें पडतांच, सरडेवाडीच्या टोलनाक्यावर एक कौतुक पाहिलें असेल. मोटार जवळ येते, वरचें यंत्र तिच्या कांचेवरील फास्टॅगची चिठ्ठी वाचतें आणि आडवा दांडा उचलला जातो. चिठ्ठींत बॅटरी नाहीं. यंत्रानें सोडलेल्या लहरीच्याच बळावर ती आपला क्रमांक परत सांगते. तो आवाज किती क्षीण असेल, याची कल्पनाच करावी.

हें संभाषण ज्या पट्ट्यांत चालतें, तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारनें २००५ सालीं असल्या अल्पशक्ति यंत्रांसाठीं परवान्यावांचून मोकळा केला. २०२१ सालीं त्याची हद्द ८६८ पर्यंत नेली आणि लहान पल्ल्याच्या इतर यंत्रांसही तेथें जागा दिली. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें हवा व जमिनीची ओल मोजणाऱ्या यंत्रांच्या आधारें ऊस पिकविण्याचा जो प्रयोग चालविला, त्याची कीर्ति वाचकांच्या कानीं आलीच असेल. बाजारांत मिळणारीं तसलीं कित्येक यंत्रें आपली बातमी याच पट्ट्यांतून घरीं धाडतात.

परंतु शेजार कोणाचा? ८६९ पासून ८८९ पर्यंत मोबाइलच्या मनोऱ्यांचा आवाज. ही जागा कंपन्यांनीं कोट्यवधि रुपये मोजून घेतलेली. पूर्वीं मध्यें दोन मेगाहर्ट्झचा मोकळा बोळ होता, तो आतां एकाचाच राहिला. लहरींस भिंती नसतात. मनोऱ्याचा थोडा आवाज हद्दीबाहेर सांडतो. न सांडला तरी स्वस्त यंत्राच्या कानास इतका जवळचा मोठा आवाज वेगळा काढतां येत नाहीं. वाड्यांत एका खोलींत चौघडा वाजत असतां पलीकडच्या खोलींतील आजाऱ्यानें पाणी मागावें, तशी गत होते.

नियम असा कीं, बिनपरवान्याच्या यंत्रानें कोणास उपद्रव देऊं नये, आणि दुसऱ्याचा झाल्यास संरक्षण मागूं नये. पहिला अर्धा भाग आम्हांस न्याय्य वाटतो. दुसरा ऐकतांना ओसरीवर उतरलेल्या पांथस्थाची आठवण होते. ओलीची बातमी न पोंचल्यानें उसाची पाण्याची पाळी चुकली, तर दाद कोठें मागावी? कोठेंच नाहीं.

म्हणून घेणाऱ्यानें आधींच दुकानदारास विचारावें कीं, एरियलपाशीं लहरींची चाळणी आहे काय, आणि यंत्र पट्ट्याच्या खालच्या टोंकास, म्हणजे ८६५ च्या बाजूस, लावतां येतें काय. ऐकणारें यंत्र मनोऱ्यासमोर गच्चीवर न ठेवतां घराच्या दुसऱ्या अंगास, भिंतीच्या आडोशानें ठेवावें. पोंच न मिळाल्यास तीच बातमी पुन्हां धाडणारें यंत्र महाग पडलें तरी तेंच घ्यावें. आणि विहीर घराजवळच असेल, तर सरळ तार ओढावी; आम्हांस कोणी जुन्या मताचे म्हटलें तरी चालेल.