तुकोगंजच्या दिवाणखान्यात वाजणारा ‘टेक सपोर्ट’चा फोन

इंदूर : जून २०१९ मध्ये मध्य प्रदेश पोलिसांच्या सायबर सेलने इंदुरातल्या बनावट कॉल सेंटरवर छापे टाकले आणि ७८ जणांना अटक केली. ‘तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर गुन्ह्यात वापरला गेलाय’ असं सांगून ही मंडळी अमेरिकेतल्या लोकांना घाबरवत आणि डॉलर उकळत. ऑगस्ट २०२५ मध्ये इगतपुरीच्या एका रिसॉर्टमधून ‘अमेझॉन सपोर्ट’च्या नावाने चाललेलं सेंटर सीबीआयने उघडं पाडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेळगावातही असंच सेंटर सापडलं आणि ३३ जण गजाआड गेले. अशा बातम्या वाचून एक समज घट्ट झालाय, की फोन करणारे इकडचे आणि फसणारे तिकडचे.

समज अर्धाच खरा आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत भारतीयांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले, २०२४ मध्ये तब्बल २२,८४५ कोटी. यात सगळेच प्रकार आले. पण ‘मदत करतो’ म्हणून येणारा फोन हा त्यातला सगळ्यात गोड बोलणारा प्रकार.

तुकोगंजचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. साउथ तुकोगंजात नाथ मंदिराच्या आसपास, जाल सभागृहाच्या गल्ल्यांत जुनी मराठी घरं आहेत. अशा अनेक घरांत आता दोघंच असतात, आई-वडील. मुलगा पुण्यात नाहीतर बंगळुरात, मुलगी न्यू जर्सीत. बँक, वीजबिल, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं फोनवर आणि त्या एका जुन्या लॅपटॉपवर. काही अडलं की संध्याकाळी मुलाला फोन जातो. मुलगा म्हणतो, “बाबा, एनीडेस्क उघडा, नंबर सांगा.” बाबा नऊ-दहा आकडे वाचतात, पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागतो, काम होतं.

गोम इथेच आहे. सायबर जागृतीच्या पत्रकांत लिहिलेलं असतं, ‘अनोळखी ॲप टाकू नका’. पण या घरांत ते ॲप अनोळखी नाहीच, ते लेकाने स्वतःच टाकून दिलेलं असतं. म्हणून दुपारी अडीचला कुणी “अंकलजी, कंपनी से बोल रहा हूं, आपके सिस्टम में वायरस है, बस एनीडेस्क का नंबर बता दीजिए” म्हणालं, तर काकांना त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. रोजचंच तर आहे. लांब राहणारी लेकरं ज्या दारातून आई-बापाची काळजी घेतात, चोर त्याच दारातून आत येतो.

पुढचा खेळ ठरलेला. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची विंडोजची नोंदवही उघडायला लावतात. तिच्यात लाल-पिवळ्या खुणा प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, पण त्यांच्याकडे बोट दाखवून सांगतात, “देखिए, हॅक हो गया.” मग तक्रार नोंदवायला दहा रुपये भरा म्हणतात. दहा रुपयांसाठी कोण एवढा विचार करतो? पण ते भरताना नेट बँकिंगचा पासवर्ड टाकला जातो, ओटीपी येतो, आणि पडदा समोरच्याला दिसत असतो. ओटीपी तोंडाने सांगायची गरजच उरत नाही. ‘मी ओटीपी कुणाला दिलाच नाही’ असं लोक नंतर कळवळून सांगतात, ते खोटं नसतं.

कधी फोन येतही नाही, माणूसच करतो. स्क्रीनवर अचानक भोंगा वाजतो, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे’ असं लिहून येतं आणि खाली नंबर. किंवा गॅस, फ्रिज, बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधला जातो आणि वर दिसणारा पहिलाच नंबर चोराचा निघतो. मायक्रोसॉफ्टने वारंवार स्पष्ट केलंय, की कंपनी न मागता फोन करत नाही आणि तिच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. भोंगा वाजला तर ब्राउझर बंद करावा. होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरावं, काही बिघडत नाही.

नंबरावरून, भाषेवरून ओळखू म्हणणाऱ्यांनी तो नाद सोडावा. परदेशातून येणारे कॉल भारतीय नंबर दाखवत असल्याने दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अडवणारी यंत्रणा सुरू केली, तर पहिल्या २४ तासांतच असे १ कोटी ३५ लाख कॉल पकडले गेले. फोनवरचा माणूस अस्खलित मराठी बोलला म्हणूनही तो आपला ठरत नाही. खरी खूण एकच : आपण बोलावलं नव्हतं. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा कधी स्वतःहून घरी फोन करून ‘काका, तुमचा लॅपटॉप बिघडलाय’ म्हणतो का? त्याला कळणार तरी कसं?

तेव्हा उद्धट वाटलं तरी फोन ठेवून द्यावा. इंदूरकरांना ते जड जातं, समोरच्याला ‘जी’ लावल्याशिवाय वाक्य संपत नाही इथे. मुलांनीही आपलं एक काम करावं. दुरुस्ती झाली की एनीडेस्क काढून टाकावं, निदान पासवर्डने परस्पर आत येण्याची सोय बंद ठेवावी. आणि घरात नियम करावा, की पडदा दाखवायचा तो आपण मुलाला फोन लावला असेल तरच. मुलाच्या नावाने आलेल्या फोनवर नाही.

चूक झालीच तर आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. इथे बहुतेक घरांत एक-दोन तास वाया जातात, कारण ‘मुलगा काय म्हणेल’ याची लाज वाटते. हे तास महागात पडतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच्या हलगर्जीपणाने पासवर्डसारखी माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर पैसे गेले तर ते बँकेने सोसायचे. नियम वृद्धांवर कठोरच आहे. ज्याला सराईत टोळीने तासभर बोलण्यात गुंगवलं, त्याला हलगर्जी म्हणायचं का, हा प्रश्न ग्राहकांच्या बाजूने कुणीतरी लावून धरायला हवा. पण आज नियम हा आहे, आणि त्यात ग्राहकाच्या हातात फक्त घड्याळ आहे.

राहिला हद्दीचा प्रश्न. खातं इंदूरचं, पैसे गेले तिसऱ्याच राज्यात, मुलगा तक्रार करणार पुण्यातून, अशा वेळी ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर बेळगावपासून इंदूरपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १९३० देशभर चालतो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती देऊन गुन्हा नोंदवता येतो. ठाण्यात जाताना हे कलम कागदावर लिहून न्यावं.