जुना कॉम्प्युटर स्लो झालाय? नवा घेण्याआधी हार्ड डिस्क बदला

आरे कॉलनीतल्या तुमच्या घरी आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो? तो भंगारात काढायची घाई करू नका. आधी टास्क मॅनेजर उघडा. ‘डिस्क’ सतत 100 टक्क्यांवर असेल, तर अडचण बहुधा हार्ड डिस्कची आहे. तिच्यातली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते आणि प्रत्येक फाइल शोधत बसते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. जुनी डिस्क सेकंदाला 100-150 एमबी वाचते, साधी साटा एसएसडी सुमारे 500. मोफत ‘क्लीनर’ अ‍ॅप हे काम करू शकत नाहीत, उलट ओझं वाढवतात.

आरेतून मेट्रो 3 आता थेट ग्रँट रोडला जाते. पुढे लॅमिंग्टन रोडवर एसएसडी आणि जास्तीची रॅम दोन्ही मिळतात. जाण्याआधी फोटोंची कॉपी काढून ठेवा.

खरी गोची विंडोज 10 ची. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा मोफत सपोर्ट थांबवला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं. चालतं मशीन एवढ्यासाठी ई-कचऱ्यात टाकणं मला पटत नाही. ब्राउझिंग आणि मुलांच्या अभ्यासापुरतं मोफत लिनक्स मिंट पुरतं. टॅली किंवा फोटोशॉपवर पोट असेल, तर मात्र नवा घ्या.