अभिमन्यू सिंग हळू का झाला?

शुक्रवारी रात्री रिलीज होतं. अडीचला संपलं, झोप पार उडालेली. रूमवर येऊन टीव्ही लावला तर 'स्टुडंट ऑफ द इयर' चालू. म्हटलं दहा मिनिटं बघू आणि झोपू. कसलं काय! शेवटची शर्यत संपेपर्यंत बसलो आणि सकाळी चहा पिताना डोकं असं सणकलं की म्हटलं, आता लिहूनच टाकतो. तेव्हा मंडळी, या शनिवारी टेक्निकल काही नाही. ज्यांना करण जोहर देव वाटतो त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर शिव्या घालू नयेत. :)

आधी एक कबुली. हा पिक्चर ऑक्टोबर २०१२ मध्ये आला तेव्हा मी दहावीत होतो. क्लास बुडवून बार्शीत पाहिला आणि जाम आवडला. त्यातला अभिमन्यू सिंग म्हणजे मीच, असं वाटलं होतं (दंड सोडून). त्यामुळे आज जो राग येतोय तो थोडा स्वतःवर पण आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेहराडूनची सेंट तेरेसा. म्हणायला शाळा, पण गाड्या, कपडे, नाचगाणी सगळं कॉलेजचं, आणि ते सुद्धा अशा कॉलेजचं जिथे आपल्यापैकी कुणी गेलेलं नाही. रोहन नंदा (वरुण धवन) हा उद्योगपती अशोक नंदांचा मुलगा. त्याला गाणं करायचंय आणि बापाला तो वाया गेलेला वाटतो. अभिमन्यू (सिद्धार्थ मल्होत्रा) अनाथ, मध्यमवर्गीय, आजीच्या मायेत वाढलेला. त्याचं स्वप्न काय, तर अशोक नंदा व्हायचं. मध्ये शनाया (आलिया भट). डीनसाहेब म्हणजे ऋषी कपूर दरवर्षी एक स्पर्धा घेतात: आधी पेपर, मग खजिना शोधा, मग नाच, शेवटी ट्रायथलॉन. दोघं जिगरी दोस्त होतात, मुलीवरून फाटतं, आणि शेवटच्या शर्यतीत अभिमन्यू पुढे असताना हळू होतो. रोहन जिंकतो. दहा वर्षांनी कळतं की त्याने मुद्दाम हरून दिलं. कारण शेवटच्या क्षणी त्याला अशोक नंदांचा चेहरा दिसला आणि पोटचा पोरगा हरतोय याचा त्या माणसाला आनंद झाला होता.

तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या. मी पण मारली.

आता जरा शांतपणे बघा. त्या ट्रॅकवर दोन पोरं आहेत. एकाला जिंकून काय मिळणार? बापाची एक बरी नजर. दुसऱ्याला त्या ट्रॉफीची गरज आहे, कारण त्याच्यामागे ना आई-बाप, ना इस्टेट. आणि थांबायचं कुणी? तर ज्याच्याकडे काही नाही त्याने. का? तर श्रीमंताच्या घरातला बाप-लेकाचा तिढा सुटावा म्हणून. बरं, तो सुटत पण नाही! म्हणजे गरिबाने आपली एकुलती एक संधी दुसऱ्याच्या फॅमिली प्रॉब्लेमसाठी फुंकून टाकली आणि आपण टाळ्या वाजवल्या.

हा पिक्चर सुरू होतो पैशाने आणि संपतो बापाने. माझं सगळं भांडण इथे आहे. अशोक नंदा खलनायक का? श्रीमंत आहे म्हणून नाही, पैसा कुठून आला म्हणून तर अजिबात नाही. मुलाशी नीट वागत नाही म्हणून. उद्या त्याने रोहनला एक मिठी मारली की तो चांगला माणूस, विषय संपला. वर्गाचा प्रश्न असा गुपचूप संस्कारांच्या खात्यात ट्रान्सफर केला की कुणालाच दुखत नाही. मल्टिप्लेक्समधल्या बापाला वाटतं, मी कुठे असा आहे, मी तर पोराला परवाच बाईक घेऊन दिली.

आणि अभिमन्यूची गरिबी तर विचारूच नका. अशा मुलाला अशा शाळेत स्कॉलरशिपवरच यावं लागतं. आता ज्याने ज्याने फी सवलतीवर शिक्षण केलंय त्याला माहितीये स्कॉलरशिप म्हणजे काय. दरवर्षी तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला, तो आणायला बाबांची एक रजा, मग कॉलेजच्या खिडकीवर "झेरॉक्स साक्षांकित नाही" म्हणून परत. हा पठ्ठ्या मात्र दोस्ताच्या भावाच्या लग्नाला थायलंडला जातो आणि तिथे रोहनइतकेच भारी कपडे घालून नाचतो! पैसे कमी असल्याची एकच खूण, म्हाताऱ्या आजीचा प्रेमळ चेहरा. फरीदा जलालला बसवलं की झाली गरिबी.

एक सुदो म्हणून जाडा पोरगा आहे. अख्ख्या पिक्चरमध्ये तो एकटा उठून डीनला तोंडावर सुनावतो की तुमची ही स्पर्धा वाईट आहे. मी उठून बसलो, म्हटलं आता कुणीतरी बोलतंय. पण त्याचं म्हणणं काय, तर स्पर्धेमुळे मैत्री तुटते. अरे बाबा, मैत्री तुटते हे खरं, पण सगळे एकाच रेषेवरून पळत नाहीयेत त्याचं काय?

"एवढं कशाला मनावर घेतोस, टाइमपास आहे," असं काहीजण म्हणणार. ठीक. मग टाइमपासचाच दुसरा पिक्चर घेऊ. मन्सूर खानचा 'जो जीता वही सिकंदर', १९९२. गोष्ट त्याच डेहराडूनची, शेवटी सायकलची शर्यत, एका बाजूला बड्या बापांची पोरं. वीस वर्षांचं अंतर. त्यात संजूच्या (आमिर खान) वडिलांचं साधं कॅफे आहे आणि राजपूत कॉलेजची पोरं मॉडेल कॉलेजच्या पोरांना पायजमाछाप म्हणून हिणवतात. कोण कुठल्या सायकलवर बसलाय हे नीट दिसतं. पैसा नाही म्हणजे काय, हे आजीचा चेहरा न दाखवता समजतं. मोठा भाऊ जायबंदी होतो, उडाणटप्पू संजू त्याच्या जागी उतरतो आणि जिंकतो. हळूबिळू काही होत नाही! त्यातही घर आहे, बाप आहे, भाऊ आहे, संस्कार म्हणाल तर पोत्याने आहेत, पण घराची गोष्ट पैशाच्या गोष्टीला झाकत नाही. शर्यत जिंकणं हीच त्या घराची गोष्ट आहे.

(तो पिक्चर पण धुतल्या तांदळासारखा नाही हां. देविका संजूला सोडते कारण तो श्रीमंत नाही हे तिला कळतं, आणि ती वाईट ठरते. पण श्रीमंत असल्याची थाप कुणी मारली होती? संजूला गाडीतली पोरगी हवी होती ते वय म्हणून माफ, आणि तिला गाडीतला पोरगा हवा होता तर ती लोभी! हा हिशेब दोन्ही पिक्चरमध्ये कच्चाच आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.)

आता जे लिहायचं नव्हतं ते. इंजिनिअरिंगला पुण्यात होतो तेव्हा एक मित्र होता, अजूनही आहे. वडिलांचा कारखाना, बंगला, दोन गाड्या. माझे बाबा एसटीत कंडक्टर. होस्टेलची मेस रविवारी रात्री बंद, म्हणून मी त्याच्याकडे जेवायला असायचो. काका मला स्वतःच्या शेजारी बसवायचे आणि पोराला म्हणायचे, "बघ, याच्याकडून शीक काहीतरी. बाप तिकिटं फाडतो, पण पोराचा एक विषय राहिला नाही आजपर्यंत." मित्र खाली मान घालून जेवायचा. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या व्हायच्या. तीन वर्षं मी त्या घरचा अभिमन्यू सिंग होतो.

शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी जीआरई दिली. माझा स्कोअर त्याच्यापेक्षा चांगला आला, ॲडमिटही चांगल्या ठिकाणचा आला. पण साडेसात लाखांच्या वरचं एज्युकेशन लोन म्हणजे बँकेला तारण पाहिजे, आणि आमचं घर आजोबांच्या नावावर, वाटण्या न झालेलं. महिनाभर खेटे घातले. शेवटी सगळा धीर गोळा करून काकांना विचारलं, "काका, तुम्ही गॅरंटर राहाल का?" ते हसले, पाठीवर थाप मारली. म्हणाले, "अरे तुला काय गरज तिकडे जायची? तुझ्यासारखी मुलं कुठेही टाकली तरी वर येतात. खरी काळजी आमच्या दिवट्याची आहे."

दिवटा ऑगस्टमध्ये गेला. मी एअरपोर्टला बॅगा उचलायला होतो.

काकांना मी दोष देत नाही. परक्याच्या पोरासाठी कोण आपली मालमत्ता अडकवेल? मी सुद्धा नसती अडकवली. पण ते कौतुक काय होतं हे त्या दिवशी समजलं. मी त्यांच्या पोराला मारायची छडी होतो. छडी आवडते म्हणून कुणी तिला वाटणीत हिस्सा देत नाही. करण जोहरला हे अर्धं कळलंय, आणि म्हणून जास्त राग येतो! अशोक नंदा अभिमन्यूवर प्रेम करत नाही, तो त्याला वापरतो, हे पिक्चरमध्ये स्पष्ट आहे. पण ते कळल्यावर अभिमन्यूने करावं काय? उलट जोरात पळावं ना! स्वतःसाठी, आजीसाठी. तर नाही, हा हरून नंदांना धडा शिकवणार. असा धडा शिकवायची चैन फक्त पटकथालेखकाला परवडते.

आणि फॅमिली व्हॅल्यूज म्हणाल तर बाबा गावाकडची अर्धा एकर विकायला निघाले होते. मी नको म्हटलं, कारण त्याच वर्षी बहिणीची बारावी होती आणि तिची फी पुढे दिसत होती. मी २०१९ मध्ये कॅम्पसमधून लागलेली नोकरी धरली. म्हणजे बघा, हळू मी पण झालो. पण कुणाच्या चेहऱ्याकडे बघून नाही, दोन घरांचं बजेट एका एक्सेल शीटमध्ये बसेना म्हणून. आमच्या शर्यतीत बॅकग्राउंडला व्हायोलिन नव्हतं.

यानंतरचं पण सांगतो, नाहीतर एकतर्फी लिहितो म्हणाल. २०१९ मध्ये दुसरा भाग आला त्यात गरीब कॉलेजचा टायगर श्रॉफ जिंकतो, खेळ कबड्डी, म्हणजे मातीचा वास ओघानेच आला. पण माती लागलेला एक पोरगा दिसेल तर शपथ. आणि २०२५ चा 'नादानियाँ' नेटफ्लिक्सवर बघितला तर तिथे मध्यमवर्गीय हिरोचे वडील चक्क डॉक्टर! दर काही वर्षांनी मध्यमवर्गाची पायरी वर सरकते आणि आमच्यासारखे खालून पडद्याबाहेर पडतात. तिकीट काढायला मात्र आम्ही चालतो.

रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा सहज विषय काढला. 'जो जीता' त्यांनी तेव्हा थिएटरात पाहिला होता, लग्नाच्या आधी. म्हटलं, "बाबा, शेवटची शर्यत आठवते का?" म्हणाले, "शर्यत आठवते की. पण मला तेव्हापासून एक प्रश्न आहे. मोठा पोरगा दवाखान्यात, खर्च केवढा झाला असेल. त्या माणसाचं कॅफे पुढं चाललं का रे?"