दूरचे दोन कोन

परवा नातीची चाचणीची उत्तरपत्रिका घरी आली. चार गुणांच्या एका प्रश्नाला तिला एकच गुण पडला होता. बाईंनी लाल पेनाने काट मारली होती, ती बरोबरच होती. चूक नातीची नव्हती, माझी होती. तीस वर्षे मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईने हे छापून सांगावे याची लाज वाटते. पण सांगते, कारण आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत संध्याकाळी हेच चालते. शाळा कन्नड, आजी मराठी आणि अभ्यास स्वयंपाकघरात.

प्रश्न असा होता. अबक हा त्रिकोण. त्याची बक ही बाजू पुढे ड पर्यंत वाढवली. क जवळचा आतला कोन 110 अंशांचा. तर बाहेरच्या अकड या कोनाची त्रिकोणाच्या तिन्ही कोनांशी तुलना करा, कोनमापक न लावता. नातीने लिहिले, बाह्यकोन तिन्हींपेक्षा मोठा. का लिहिले? तर आदल्या आठवड्यात भाजी निवडता निवडता मी तिला सांगितले होते, "बाहेरचा कोन आतल्यापेक्षा नेहमी मोठा. एवढं पाठ कर, बाकीचं विसर."

आणि सगळी गोम त्या बाकीच्यातच होती.

मी उत्तरपत्रिका उलटसुलट करून बघत होते. "बरोबर तर आहे की," असेही पुटपुटले. तेव्हा सूनबाई परातीत जोंधळ्याचे पीठ घेऊन बसल्या होत्या. "अल्लरी अत्ती," त्या हळूच म्हणाल्या. मग पीठ तळहाताने सपाट केले आणि बोटाने त्यात एक पसरट त्रिकोण काढला. क जवळ 110, अ जवळ 40, ब जवळ 30. खालची रेघ परातीच्या काठापर्यंत ओढली. बाहेरचा कोन 180 वजा 110, म्हणजे 70. सत्तर हे चाळीसपेक्षा मोठे, तिसापेक्षाही मोठे. पण शेजारच्या एकशेदहापेक्षा? चांगलेच लहान.

"आमच्या पुस्तकात अंतराभिमुख कोन असा शब्द होता," त्या म्हणाल्या. "आत असलेले, पण समोरचे. शेजारचा त्यात येत नाही."

मराठीत आपण त्यांना दूरस्थ आंतरकोन म्हणतो. मीच हजार वेळा फळ्यावर लिहिलेला शब्द! घाईत तो 'दूरस्थ' तेवढा गाळला आणि पोरीचे तीन गुण गेले. शेजारच्या कोनाबद्दल प्रमेय काहीच बोलत नाही. तो मोठा असेल, लहान असेल, काटकोन असेल तर अगदी बरोबरीचाही असेल. दूरचे दोन मात्र नेहमीच लहान, कारण बाह्यकोन हा त्या दोघांची बेरीज असतो.

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?" मी विचारले.

"तुम्ही शिकवत होतात. मध्ये कसं बोलायचं?"

सूनबाई धारवाडच्या. शाळेत त्यांचे गणित माझ्यापेक्षा चांगले असणार, हे मला लग्नाच्या बोलण्यांतच कळले होते. घरात आल्यावर मी त्यांचे काय दुरुस्त केले? 'भाकरी केला' नव्हे, 'केली'. 'चहा झाली' नव्हे, 'झाला'. सोळा वर्षे. माणूस मग चुकेल या भीतीने कमी बोलतो. ज्या घरात मराठी शब्दाचे लिंग चुकले की सगळे हसतात, तिथे कोनाबद्दल सासूला कोण सांगणार?

त्या रात्री भाकऱ्यांना उशीर झाला. नात पुस्तकातले पुढचे उदाहरण घेऊन आली. त्रिकोण अबक, आत कुठेही प हा बिंदू. बपक हा कोन अ पेक्षा मोठा आहे हे दाखवा. वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या, फार सुंदर उदाहरण आहे. बप ही रेघ पुढे वाढवा, ती अक ला मिळेल तिथे म लिहा. आता बपक हा पमक या लहान त्रिकोणाचा बाह्यकोन झाला, म्हणून तो म जवळच्या बमक या कोनापेक्षा मोठा. आणि बमक हा अबम या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणून तो अ पेक्षा मोठा. दोन पायऱ्यांत काम झाले. एकही कोन मोजला नाही. दोन्ही वेळा "दूरचा कोण?" असे सूनबाईंनी विचारले आणि नातीने बोट ठेवले. मी गप्प बसून भाजी परतली.

युक्लिडने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास हे सगळे क्रमाने लावून ठेवले आहे. पहिल्या भागातल्या सोळाव्या प्रमेयात बाह्यकोन नुसता 'मोठा' आणि बेरजेची गोष्ट थेट बत्तिसाव्यात. तुलनेला बेरीज लागतच नाही, हे मी वर्गात कधी सांगितले नाही. बेरीज पाठ असली की मुले पास होतात, एवढाच माझा हिशेब.

आणखी एक गंमत. आपण त्रिकोण म्हणतो, कन्नडमध्ये त्रिभुज. आपण कोन मोजले, त्यांनी बाजू. मोठ्या बाजूसमोरचा कोन मोठा, हे प्रमेय दोन्हींची गाठ घालते आणि ती गाठ बाह्यकोनानेच बसते. अक ही बाजू अब पेक्षा मोठी असेल तर अक वर अब एवढेच अंतर तोडून द घ्या. अबद आणि अदब हे कोन सारखे. अदब हा बदक चा बाह्यकोन, म्हणून क पेक्षा मोठा. आणि पूर्ण ब तर अबद पेक्षाही मोठा. झाले!

रविवारी आम्ही तिघी येळ्ळूरला राजहंसगडाकडे गेलो. सपाट रस्त्यावरून सरळ डोंगराकडे चालत गेले की माथा बघायला मान जास्त वर करावी लागते. नातीने थांबून विचारले, "आज्जी, हा पण बाह्यकोनच ना?" होय. मागची जागा, पुढची जागा आणि माथा यांचा त्रिकोण. पुढच्या जागेवरून माथ्याकडे बघतानाचा कोन हा त्याचा बाह्यकोन, मागच्या जागेवरचा दूरस्थ. समजा मागे 10 अंश आणि पुढे 14, तर माथ्यापाशी उरले 4.

येताना बसमध्ये तिने नवेच काढले. प बिंदू त्रिकोणाच्या बाहेर गेला तर? मी तोंड उघडले आणि मिटले. सूनबाईंकडे बघितले. त्यांनी तिकिटाच्या मागे त्रिकोण काढला, त्याच्या तिन्ही टोकांतून एक वर्तुळ काढले आणि अ च्या बाजूच्या कमानीवर प लिहिला. "इथे असला तर अगदी तेवढाच. कमानीच्या आत मोठा, बाहेर लहान." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरोबर आहे की नाही, अत्ती?"

"बरोबर आहे," मी म्हटले. "पण 'अ च्या बाजूच्या' हे शब्द तिला वहीत लिहायला लाव."