अम्मींच्या खोलीचा रंग

रमजानपूर्वी अम्मींची खोली रंगवायची म्हणून आम्ही कर्जतच्या बाजारातून शेडकार्ड आणले. शेवटी दोनच छटा उरल्या. दोन्ही पांढऱ्याच, पण एकीत सायीची पिवळसर झाक, दुसरीत किंचित राखाडी. आमचा कल राखाडीकडे. अम्मींना विचारले तर म्हणाल्या, "दोन्ही सारख्याच दिसतात. तुम्हाला आवडेल तो लावा." आमचे मन मोडू नये म्हणून म्हणत असतील, असे वाटले.

तेवढ्यात त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. डोळ्याला धूळ नको म्हणून काम थांबले. रंगारीचाचा म्हणाले, "तोवर पुठ्ठ्यावर लावून बघा."

पुठ्ठ्याच्या दोन मोठ्या तुकड्यांवर दोन-दोन हात मारले. थेट भिंतीवर लावले नाही, कारण जुन्या रंगाशेजारी नवा रंग डोळ्यांना फसवतो. ओला रंग वाळल्यावरही बदलतो. वाळलेले पुठ्ठे प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहिले.

खोलीची खिडकी उत्तरेला. तिथून ऊन फारसे येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यात राखाडी छटा मळकट दिसली, सायीची मात्र उजळ वाटली. रात्री पिवळ्या बल्बखाली ती जरा जास्त पिवळी झाली, पांढऱ्या ट्यूबखाली पुन्हा ठीक. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेले असते. तेव्हा रंग उन्हाळ्यातल्या दुपारी नव्हे, अंधारलेल्या दिवशी पारखावा.

ऑपरेशननंतर डोळा निवळल्यावर अम्मींनी पुठ्ठे पुन्हा पाहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा. "अगं, या डोळ्याला दोन रंग दिसतात, त्या डोळ्याला एकच!" मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते, पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे दिसते. त्या खरेच सांगत होत्या. आम्हीच ऐकले नव्हते.

या वेळी रंग त्यांनी निवडला, सायीचा. दाराची चौकट आम्ही गडद तपकिरी केली आणि स्विचबोर्डाभोवती त्याच रंगाची पट्टी ओढली. फिक्या भिंतीवर पांढरी बटणे अधू नजरेला सापडत नाहीत. सगळे डबे एकदम, एकाच क्रमांकाचे घेतले. मशीनवर मिसळलेल्या रंगात दोन वेळच्या डब्यांत थोडा फरक पडू शकतो.

दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन ईदनंतर आहे. "ते झाले की भिंत परत बघेन," अम्मी म्हणाल्या, "तेव्हा सांगते, बरोबर निवडला की नाही."